डावी बाजू

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात तिनं चोवीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. मग एक दिवस ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं गेलं, सात बायकांना निरोपाचे चार शब्द आणि एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ती घरी बसली. घड्याळ तिनं खोक्यातून काढलंच नाही. घरात वेळ कळण्याची तशी गरज नव्हती.

नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्यानं रस्त्यावर काढली होती. दहा-बारा दिवस बाहेर, तीन दिवस घरी, की पुन्हा बाहेर. घरी आला की आंघोळ, जेवण, झोप.

"कसा झाला प्रवास?" ती विचारायची.

"ठीक."

"काही त्रास?"

"नाही."

"थंडी होती का तिकडं?"

"होती थोडी."

एवढ्यावर आटपायचं. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटावरून उठला नाही. फक्त बोलायचा नाही. सुरुवातीला ती रुसायची, नंतर भांडायची, मग तिनं तोही नाद सोडला. काही माणसं जन्मतःच अबोल असतात, त्यातलं एक आपल्या वाट्याला आलं, अशी तिनं मनाची समजूत घातली. लेक होती तोवर घरात आवाज होता. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथंच लग्न करून राहिली, आणि आठवड्यातून दोनदा फोनवर "आई, जेवलीस का?" एवढी उरली.

म्हणून त्या दिवशी ताटातून मान वर न करता तो म्हणाला, "या खेपेला येतेस का बरोबर?" तेव्हा तिला आधी वाटलं, तो फोनवर कुणाशी तरी बोलतोय.

"मी?"

"आता कामावर नाहीस. एकटी बसून काय करणार?"

"आणि तुमच्या ऑफिसात चालेल?"

"विचारलंय मी. बायकोला नेता येतं."

'विचारलंय' या शब्दापाशी ती अडकली. म्हणजे हे आत्ता जेवताना सुचलेलं नव्हतं. आपल्याला बरोबर नेण्यासाठी हा माणूस कुणाच्या तरी टेबलासमोर उभा राहून दोन वाक्यं बोलला होता. तिनं त्याला आणखी थोडी भाजी वाढली. नको म्हणत असताना वाढली.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा स्वतःहून म्हणाले? नक्की? अंगात ताप वगैरे नाही ना त्यांच्या?" पुढच्या गल्लीत राहणारी धाकटी जाऊ तर पोट धरून हसली. "या वयात हनिमून! ताई, येताना ट्रकमध्ये पाळणा बांधून आणू नका म्हणजे झालं."

"तुझं तोंड आहे का भोंगा!" ती म्हणाली. पण घरी आल्यावर तिनं कपाटातली नवी शाल काढली, घडी मोडून अंगावर घेऊन पाहिली आणि बॅगेत ठेवली.

केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या आणि एक दांडा. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा कुरकुरला आणि नवऱ्यानं खालून हात दिला. आत बसल्यावर तिला पहिल्यांदा जाणवली ती उंची. रस्त्यावरच्या मोटारींची टपं दिसत होती, घरांच्या पहिल्या मजल्यावरच्या खोल्या दिसत होत्या. एका खोलीत एक म्हातारी पलंगावर बसून मोजे घालत होती. ती दिसली आणि गेली.

दुसरी गोष्ट जाणवली ती केबिनचा नीटनेटकेपणा. घरी हा माणूस पाणी प्यायलेला पेला जागेवर ठेवत नसे. इथं थर्मासला खाच होती, चष्म्याला खिसा होता, काच पुसायचा कपडा चौकोनी घडी करून समोरच्या कप्प्यात होता. सीटच्या मागं पडदा आणि पडद्यामागं झोपायची अरुंद फळी. फळीवरची चादर ताठ ओढलेली होती, कोपरे आत मुडपलेले. तिनं तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं. कोपरे बरोबर होते. ते तिनंच कधीतरी, धुलाई विभागात लागली त्या वर्षी, त्याला शिकवले होते. घरी त्यानं पुन्हा कधी घातले नव्हते.

मागं कागदाची प्रचंड भेंडोळी होती, एकेक माणसाच्या उंचीएवढं. चार दिवसांच्या अंतरावरच्या छापखान्यात ती पोचवायची आणि येताना जे मिळेल ते भरून यायचं.

शहराच्या बाहेर पडताना तो म्हणाला, "तुझ्या बाजूनं बघ जरा. डावीकडून काही येतंय?"

तिनं आरशात पाहिलं. "एक स्कूटर येतेय."

"गेली?"

"गेली."

त्यानं गाडी डावीकडं घेतली.

मग हे चालूच राहिलं. रस्ता बदलायचा असला, वळायचं असलं, कुठं थांबायचं असलं की तो विचारायचा, "तुझ्या बाजूनं?" आणि ती सांगायची. दुसऱ्या दिवसापर्यंत ती तयार झाली. "पांढरी मोटार आहे, पण लांब आहे. घ्या." हे 'घ्या' म्हणताना तिला बरं वाटायचं. धुलाई विभागात मोठी चादर दोघींनी धरायची असते. एकीनं ओढलं की दुसरीनं सैल सोडायचं, मग दोघींनी एकमेकींकडं चालत यायचं आणि टोकाला टोक लावायचं. त्यात बोलावं लागत नाही. नवऱ्याबरोबर असं एखादं काम तिनं सत्तावीस वर्षांत केलं नव्हतं. दोघांनी मिळून करण्यासारखं काही असू शकतं, हेच तिला माहीत नव्हतं.

पण बाकी बोलणं नव्हतंच. ती काही ना काही काढायची. केवढा हा पूल! ही शेतं कसली? त्या धुराड्यातून निघतंय तो धूर का वाफ? तो म्हणायचा, "वाफ." कधी कधी त्याचे ओठ हलल्यासारखे व्हायचे, तो डावीकडं तिच्या सीटकडं बघायचा, तिथं ती बसलेली दिसायची, आणि ओठ मिटायचे. दहा दहा तास दोघं एका हाताच्या अंतरावर बसत होती आणि इंजिनाचा आवाज तेवढा ऐकत होती. घरातलं एकटेपण तिच्या सवयीचं होतं. हे नवीन होतं. शेजारी माणूस असताना एकटं वाटलं की त्याला कारण शोधावंसं वाटतं, आणि कारण बहुधा आपणच असू असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर रांग होती. काट्यावरचा कारकून गाडीचा नंबर टिपायला खिडकीशी आला आणि वर बघून हसला.

"काय रेडिओ, आज बंद कसा?"

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

नवरा कागद दाखवायला खाली उतरून टपरीवजा ऑफिसात गेला, तेव्हा तिनं त्या कारकुनाला विचारलं, "रेडिओ कुणाला म्हणालात?"

"म्हणजे काय? साहेबांना. तुम्ही वहिनी ना?" कारकून तिच्या दाराखाली आला. "अहो, यांच्याबरोबर एक चहा प्यायचा म्हणजे सकाळच्या बातम्या, हवामान आणि शेतीवरचं भाषण, सगळं ऐकायची तयारी ठेवावी लागते. आणि गाडी चालवताना तर विचारूच नका. काच बंद असली तरी तोंड चालू. आम्ही म्हणतो, वहिनी नशीबवान आहेत, नवरा चोवीस तास फोनवर असतो."

ती हसली. हसावं लागलं. फोनवर? नवऱ्याचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पोचलो. जेवलो. ठेवतो. दोन मिनिटंसुद्धा नाही.

नवरा येऊन बसला, गाडी निघाली. थोड्या वेळानं तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला रेडिओ म्हणतात?"

"म्हणतात काहीतरी."

"फोनवर कुणाशी बोलता एवढं?"

"कुणाशी नाही."

त्याचा कान लाल झालेला तिला स्पष्ट दिसला. हा माणूस अबोल नव्हता. म्हणजे शब्द होते. पोत्यांनी होते. ते घरी येण्याआधी कुठंतरी उतरवले जात होते, कुणाच्या तरी दारात. ती दुसरी बाई कोण असेल याचा विचार करत ती दुपारपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं एक बाई येत होती आणि त्या बाईला चेहरा नव्हता, फक्त कान होते.

दुपारी एक गाव लागलं. रस्ता अरुंद, दुतर्फा दुकानं, गाडी अगदी हळू चाललेली. नवऱ्याचा फोन समोरच्या कप्प्यात होता. तो वळणाकडं बघत होता, ते बघून तिनं फोन उचलला आणि मांडीवर शालीखाली धरून बघू लागली. कुणाकुणाला फोन केले त्याची यादी उघडली. घर. ऑफिस. घर. लेक. घर. ऑफिस. तिनं बोटानं वर सरकवलं. घर. घर.

"तुझ्या बाजूनं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिची मान खाली होती.

गाडी डावीकडं वळली आणि खालून कुणीतरी किंचाळलं. ब्रेकचा फुस्स आवाज झाला, ती पुढं आपटली, फोन पायात पडला.

सायकलवरची बाई फुटपाथच्या कडेला बसली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. सायकलही बाजूला धड पडली होती. पण सायकलच्या मागं बांधलेला रोपांचा क्रेट सुटून चाकाखाली गेला होता. काळ्या मातीत मोडलेली हिरवी देठं पसरली होती. चाक क्रेटवर थांबलं होतं. बाईचा पाय तिथून वीतभर लांब होता.

"डोळे फुटले का तुझे?" ती बाई नवऱ्यावर ओरडत होती. "एवढी धडधडीत माणसं दिसत नाहीत? डोळे फुटले का?"

नवरा गुडघे टेकून जगलेली रोपं एकेक करून ओंजळीनं उचलत होता. रोपांची भरपाई करून, त्या बाईला दुकानात बसवून पाणी पाजून तो परत चढला. बायको सीटवर तशीच बसून होती. खाली उतरायचं तिच्या पायांना सुचलंच नव्हतं.

"बघितलं होतंस ना?" त्यानं विचारलं.

"बघितलं होतं," ती म्हणाली.

"मग ती बाई काय आभाळातून पडली?" तो ओरडला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ओरडला. काचा हादरल्यासारखं तिला वाटलं. मग त्यानं गाडी सुरू केली आणि गाव संपेपर्यंत प्रत्येक चौकात मान पार खांद्यापर्यंत वळवून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं ठणकत होतं. दुपारचं जेवण झाल्यावर रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा लागला. नवरा म्हणाला, "मागं जाऊन पड जरा. इथं बघण्यासारखं काही नाही." ती पडद्यामागं गेली, फळीवर आडवी झाली आणि डोळ्यांवर शाल ओढली. झोप येत नव्हती. दर वेळी डोळे मिटले की चाकाखालची ती हिरवी देठं दिसत होती.

बराच वेळ गेला. मग पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला.

"काल ओरडलो तुझ्यावर."

ती उत्तर देणार होती. पण आवाज पडद्याकडं वळलेला नव्हता. तो पुढं, शेजारच्या सीटकडं बघून बोलत होता. रिकाम्या सीटकडं.

"ओरडायला नको होतं गं. पण अशी भीती वाटली ना, की तोंडातून काय निघालं ते कळलंच नाही. तो धरणाजवळचा उतार आठवतो? ब्रेक तापले होते तेव्हा? तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो. तेव्हा मला समोरचं दिसत तरी होतं."

ती श्वास धरून पडून राहिली. धरणाजवळचा उतार? कुठलं धरण? कधी ब्रेक तापले?

"तुझं काय चुकलं? तू काही नाही म्हणालीस, मी वळलो. पण वळण्याआधी आपण स्वतः बघायचं असतं. मी नव्या ड्रायव्हरांना हेच पढवतो. आणि मी बघितलं होतं. मान वळवून बघितलं. तरी ती बाई नव्हती तिथं. नुसतं धुकं. ऊन एवढं लख्ख पडलेलं आणि माझ्या डाव्या हाताला धुकं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. काचबिंदू. डावा गेल्यात जमा, उजव्याला सुरुवात आहे म्हणाले. गेलं ते परत येत नाही. आठ महिने झाले. तुला सांगितलं होतं ना मी त्याच दिवशी, दवाखान्यातून निघालो तेव्हा? तू म्हणालीस, आता गाडी सोडा. बरोबर म्हणालीस. पण गाडी सोडून मी बसू कुठं?"

एखाद्यानं रोजच्या सवयीनं बोलावं तसं त्याचं चाललं होतं. मध्येच तो म्हणाला, "ते बघ, तुझी पिवळी टाकी आली," आणि थोडा हसला. पाण्याच्या कुठल्यातरी पिवळ्या टाकीवरून या दोघांचा काही जुना विनोद होता. लेक पहिल्यांदा घर सोडून गेली त्या दिवशी आपण या पुलाखाली गाडी थांबवून अर्धा तास रडलो होतो, त्याबद्दल तो बोलला. आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलला. "घरी गेलो की तू विचारतेस, कसा झाला प्रवास. मी म्हणतो, ठीक. आता परत काय सांगणार? सगळं तर तुला सांगून झालेलं असतं."

म्हणजे ती दुसरी बाई हीच होती. तिच्याच सीटवर बसणारी, तिच्याच नावानं हाक ऐकणारी, पण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असलेली. त्या बाईला धरण माहीत होतं, टाकी माहीत होती, काचबिंदू माहीत होता. सासूच्या आजारपणात नवऱ्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते माहीत होतं. त्या बाईनं त्याला गाडी सोडायचा सल्लासुद्धा दिला होता. आणि ही चौथ्या मजल्यावरच्या घरात, भाजी निवडत, 'काही माणसं अबोल असतात' म्हणत बसली होती. परक्या बाईचा हेवा करता येतो, भांडता येतं. हिचं काय करायचं?

पलीकडं तो म्हणाला, "पुढं जरा डावीकडं घेतो. तुझ्या बाजूनं काही आहे का?"

तो रिकाम्या सीटला विचारत होता.

ती उठली, पडदा बाजूला केला, त्याच्या खांद्यावरून पुढं झुकून डाव्या आरशात पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही. घ्या. आणि गाडी थांबवा."

त्यानं दचकून मागं पाहिलं नाही. हात घट्ट झाले एवढंच. गाडी हळूहळू कडेला आली, ब्रेक सुस्कारला, इंजिन बंद झालं. ती पुढं येऊन आपल्या सीटवर बसली.

"किती ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"धरणापासून."

त्यानं किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"मला डोळा म्हणून आणलंत," ती म्हणाली.

"हो."

"एरवी नसतंच आणलं."

तो खोटं बोलू शकला असता. तिलाही त्या क्षणी ते चाललं असतं. पण तो म्हणाला, "नसतं. तू इथं बसलीस की मला बोलता येत नाही."

बाहेरून एक बस गेली, केबिन हलली. ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझंही एक ऐका. काल मी बघितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माझी मान खाली होती. तुमचा फोन तपासत होते."

"फोन?"

"तो काट्यावरचा म्हणाला, तुम्ही सारखे कुणाशी तरी बोलत असता. म्हटलं बघावं कोण आहे ती."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता.

"सापडली?" त्यानं विचारलं.

"आत्ता सापडली," ती म्हणाली. तिला मात्र हसू आलं नाही.

मग तो विनवण्या करू लागला. एकच दिवस राहिलाय. छापखाना उद्या दुपारी येईल. माल उतरवू, सावकाश परत जाऊ, घरी गेल्यावर ऑफिसात सांगतो, शपथ सांगतो. तू बघत बस, मी चालवतो. ती ऐकत होती. त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं, कारण त्यानं कधी काही मागितलंच नव्हतं.

"त्या बाईचा पाय वीतभर लांब होता," ती म्हणाली. "एक वीत. माझ्या हाताची." आणि तिनं हात पसरून त्याच्यापुढं धरला.

तो त्या हाताकडं बघत राहिला. नीट बघता यावं म्हणून त्यानं मान थोडी वळवली. हे मान वळवणं तिनं घरीही पाहिलं होतं, दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा लागलेला पाहिला होता, टेबलाच्या कडेवरून पडलेले दोन पेले तिनं स्वतः उचलले होते. आणि तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "लक्ष कुठं असतं तुमचं?"

त्यानं फोन उचलला आणि स्वतःच ऑफिसला लावला.

पुढच्या थांब्यापर्यंत सहा किलोमीटर त्यानं माणूस चालेल त्या वेगानं गाडी नेली आणि ती दर मिनिटाला डावी बाजू सांगत राहिली. तिथं बदली ड्रायव्हर यायला दीड दिवस लागला. ट्रकांच्या मोठ्या आवारात, दोन गाड्यांच्या मधल्या सावलीत ते बसून होते. आंघोळीची सोय होती, चहा होता, पाव-अंडी मिळत होती. येणारे-जाणारे ड्रायव्हर "काय रेडिओ!" म्हणून हाक मारायचे आणि तो हात वर करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये बसले असताना ती म्हणाली, "धरणाचं सांगा ना."

"काय सांगायचं?"

"ब्रेक तापले होते म्हणालात."

"तापले होते," तो म्हणाला. काच पुसायचा कपडा उघडून त्यानं पुन्हा चौकोनी घडी केली. "मग निवले."

ती उठली आणि पडद्यामागं जाऊन बसली. पडदा ओढून घेतला. "मी इथं नाही," ती आतून म्हणाली. "बोला आता."

तिनं वाट पाहिली. त्यानं घसा खाकरला. "अगं," तो म्हणाला, आणि थांबला. सीटचं रेक्झिन करकरलं. मग दार उघडल्याचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून तिनं पाहिलं तर तो खाली उतरून ताडपत्रीच्या दोऱ्या तपासत होता. त्या सकाळीच तपासून झाल्या होत्या. तिच्या लक्षात आलं की ऐकायला बसून आपण त्याची एकुलती एक मैत्रीण घालवली. ते बरोबर झालं का चूक, हे तिला ठरवता आलं नाही. चादरीचे कोपरे तिनं पुन्हा एकदा आत मुडपले.

बदली ड्रायव्हर आला, जाडजूड, हसरा माणूस. आल्या आल्या त्यानं सीट मागं सरकवली आणि आरसे आपल्या उंचीला लावले. नवऱ्यानं या गाडीवरच्या चौदा वर्षांचं सामान दोन पिशव्यांत भरलं. किल्ली देताना म्हणाला, "दुसरा गिअर जरा अडतो. घाई करायची नाही." गाडी आवाराच्या बाहेर पडेपर्यंत तो उभा होता. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, आणि आपण तिथं आहोत हे त्याला दिसत नसणार, हे तिला मध्येच आठवलं. तिनं त्याच्या दंडाला हात लावला.

परतीचा प्रवास दोन बसमधून झाला. तो खिडकीपाशी बसून सगळा वेळ झोपला. एवढा झोपलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. डाव्यातलं गेलं ते गेलं, उजवा सांभाळायचा. दिवसातून तीनदा थेंब. ऑफिसनं आवारात बसायचं काम देऊ म्हटलं, मग कळवतो म्हटलं, मग काही कळवलं नाही. तीन महिने दोघं घरात होती. तो वर्तमानपत्र उजवीकडं धरून वाचायचा. ती डोळ्यांत थेंब टाकायची, तेवढ्यापुरता त्याचा चेहरा तिच्या हातात असायचा. लेक येऊन चार दिवस राहून गेली. जाऊ दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा तिला चेष्टा सुचली नाही.

मग तिला एका मोठ्या लॉजमध्ये काम मिळालं. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पहिल्या दिवशी निघताना तो दारापर्यंत आला, काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण नुसतीच कडी काढून दिली.

दुसऱ्या आठवड्यात एकदा ती सहाला घरी पोचली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. दिवा लावलेला नव्हता. चहाचे दोन कप झाकून ठेवले होते, कधीचे कोण जाणे.

"एक विचारू?" तो म्हणाला.

तिनं पर्स खाली ठेवली नाही.

"दुपारी चार ते सहा तू काय करायचीस गं? एवढी वर्षं? सुट्टीच्या दिवशी?"

तिला आधी वाटलं, म्हणावं, काही नाही, ठीक असायचं. शब्द जिभेवर आलेसुद्धा. मग ती त्याच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढून बसली.

"जिना ऐकायचे," ती म्हणाली.

"जिना?"

"कुणीतरी चढायला लागलं की ऐकायचं. पहिला मजला, दुसरा. पावलांवरून ओळखायचं कोण आहे ते. आपल्या मजल्यापर्यंत येतंय का बघायचं. बहुतेक तिसऱ्यावरच थांबायचं."

तो जरा पुढं वाकला. "आज दोघं चढले. भराभर. तिसऱ्यावर आले, थांबले, परत खाली गेले. तासाभरानं परत तेच."

"ती तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेची जुळी," ती म्हणाली. "किल्ली विसरतात आणि आईची वाट बघत खाली बसतात."

"असं होय. मी म्हटलं कोण असेल." त्यानं झाकलेला एक कप तिच्याकडं सरकवला. "उद्या परत येतील?"

"येतील," ती म्हणाली, आणि थंड झालेला चहा गरम करायला उठली.